खुर्चीचे हात

"नवी सून बाबाच्या खुर्चीले स्पिरिट लावते. माणूस जिवंत हाय ना अजून!"

सासूबाई फोनवर नणंदेला सांगत होत्या. मी दाराआड, हातात तीच बाटली.

लग्नाची हळद पुरती उतरली नाही, तोच या बाटलीचे इतके किस्से साठलेत की नांदुऱ्यात माझ्या नावाआधी माझा वास पोचतो.

सासऱ्यांची अकोल्यात केमो चालू आहे. "घरातली साधी सर्दीही त्यांना झेपायची नाही. सगळ्यांचे हात लागतात ते पुसत जा," डॉक्टरांनी ह्यांना आणि मला बाजूला घेऊन सांगितलं. हे बाबांसमोर कोण बोलणार? म्हणून मी नुसतीच पुसते.

*

शेजारच्या काकू वासानं उंबऱ्यातच थबकल्या.

"काऊन व माय, भाऊजी या वयात घ्याले लागले का?"

आतून बाबा म्हणाले, "मी नाही वहिनी, खुर्ची पेते."

*

हे मदतीला आले. मी टेबल पुसलं की मागून कोरडं फडकं फिरवायचे.

"अहो, ओलं राहू द्या. आपोआप वाळलं तरच जंतू मरतात."

"आईच्या घरात ओलं टेबल?" म्हणाले, आणि पुन्हा पुसलं.

*

एकदा पलंगाजवळचा स्टूल नुकताच पुसला होता. सासूबाई निरांजन घेऊन आल्या आणि त्यावर ठेवायला वाकल्या. स्पिरिट पेट घेतं, एवढं सांगायला माझं तोंड उघडलं, पण शब्दाऐवजी फुंकर निघाली.

आजारी माणसासमोरचा दिवा नव्या सुनेनं फुंकून विझवला. सासूबाई त्या दिवशी जेवल्या नाहीत.

*

मग बाबांनी खुर्ची सोडली. ओसरीत सतरंजीवर बसू लागले. चहाचा कपही रुमालात धरायचे. "सूनबाईचं काम वाढते," म्हणायचे.

जळगाव जामोदहून नणंद आली. बापाला खाली बसलेलं पाहून तिचा आवाज चढला.

"माझ्या बापाची इतकी किळस येते तुले?"

सासूबाई माझ्याकडे बघत होत्या. बाबा रुमालाची घडी घालत राहिले.

मी खुर्ची पुसली, वाळू दिली, त्यांच्यापुढे ओढली.

"बाबा, वर बसा. तुम्ही उठल्यावर कधी पुसली का म्या? बसायच्या आधी पुसते. तुमचं आम्हाले काही लागत नाही. मी तुम्हाले नाही पुसत, आम्हाले पुसते."