कोपरा ढासळला, साहेब

बायकोला हे ठाऊक नाही. बापाला मरेपर्यंत कळलं नाही. आणि ज्याला कळायला हवं होतं, त्या रघुनाथला तर मी आजही ‘काय रे, बरा आहेस ना’ असं हसून विचारतो. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. भित्र्या माणसाला अनोळखीच बरे.

मी पोलादपूरच्या वरच्या डोंगरातला. आमच्या घराण्यात कॉलेज बघितलेला पहिला मी — बी.कॉम., महाडला खोली करून, हाताने भात शिजवून. याचा मला गर्व आहे. आजही आहे. पण महाडच्या एमआयडीसीत एका केमिकल कंपनीने कबड्डीचा संघ काढला, तेव्हा मला घेतलं ते डिग्री बघून नाही, मांड्या बघून. आम्ही सगळे टेंपररी. सकाळी प्लँट, संध्याकाळी मैदान. नीट खेळलात तर पर्मनंट करू — असा तोंडी वायदा.

आणि त्या मोसमात आम्ही काय केलं? हरलो. रोह्याला हरलो, पेणला हरलो, अलिबागला तर ज्यांना आम्ही पोरं म्हणून हिणवलं त्यांनी आम्हाला लोळवलं. कँटीनमध्ये ताट घेऊन उभं राहिलं की मागून आवाज यायचा, “जर्सी तरी मळली का रे?” चढाई करणारे म्हणायचे पकड कच्ची, पकड करणारे म्हणायचे चढाई मेलेली. एकानेही म्हणू नये, की माझं चुकलं? मला अजून संताप येतो त्या सगळ्यांचा. आणि हे कोण बोलतोय — मी!

रघुनाथ तुडीलचा. आमचा डावा कोपरा. त्याने घोटा धरला की सुटायचा नाही, आणि त्याची जीभही तशीच. माझी पकड निसटली की सगळ्यांसमोर ओरडायचा, “ओ बी.कॉम., पुस्तकात नाय काय रे ही पकड?” सगळे हसायचे. मीही हसायचो. आतून पेटायचो. नववीत शाळा सोडलेला हा मला बोलणार? — असंच यायचं मनात. शब्द बदलून सांगत नाही.

आता एक गोष्ट नीट ऐका, कारण सगळं तिच्यावर आहे. कबड्डीत बचाव करणारे जोडीजोडीने हात धरून उभे राहतात, त्याला साखळी म्हणतात. रघुनाथ कोपऱ्यात, त्याच्या शेजारी मी. त्याचा उजवा हात माझ्या डाव्या हातात. आणि आमच्या संघात एक रीत होती. रघुनाथनेच पाडलेली. चढाईवाल्याचा हात-पाय ज्याला लागला, तो बाद; त्याने पंचाची वाट न बघता हात वर करून बाहेर जायचं. आणि कोपऱ्यातल्याची नजर चढाईवाल्याच्या डोळ्यांवर असते, पायाला काय लागलं ते त्याला कळत नाही, म्हणून जोडीदाराने ‘लागला’ म्हटलं की वाद नाही. निघायचं.

शेवटची स्पर्धा पोलादपूरला. माझ्याच गावाकडची माणसं. दोरीला टेकून बाप उभा, शेजारच्याला सांगतोय, “तो बघ, ग्रॅज्युएट हाय माझा.” खुर्चीत कंपनीचे साहेब. सगळ्यांना माहीत होतं, आजचा खेळ बघून ते दोन-तीन नावं नक्की करणार. आणि मी तोवर पुन्हा पुन्हा बाद होऊन बाहेर बसलेलो!

सामना संपत आलेला, मी पुन्हा आत, आम्ही एका गुणाने पुढे. त्यांचा चढाईवाला आत शिरला, आमच्या दोघांमध्ये पाय फेकला आणि परत पळाला. त्याचा अंगठा माझ्या नडगीला घासला. माझ्या. चटका बसल्यासारखा कळला मला. तो पंचाला आमच्या जोडीकडे बोट दाखवत होता. पंच आमच्याकडे बघत होते — कोण?

मी हात वर केला. डावा. ज्यात रघुनाथचा हात होता, तो. त्याचा हात उचलून धरला आणि म्हटलं, “लागला रे तुला.”

त्याने एकदा माझ्याकडे बघितलं. आणि गेला. रीत पाळून, मान खाली घालून गेला.

बरोबरी झाली. त्यांच्या पुढच्या चढाईला रघुनाथच्या कोपऱ्यात मी उभा. घोटा हातात आला — आणि निसटला. हरलो. तिथे रघुनाथ असता तर? हे विचारायचा तरी मला काय हक्क आहे?

परतताना टेंपोत पोरांनी त्याला सोलून काढला. तो मला एवढंच म्हणाला, “मला समजलंच नाय रे. पण तू बघितलंस ना?”

“बघितलं.”

तिथे तरी सांगता आलं असतं. आणि नंतर साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं तेव्हाही. “तुम्ही शिकलेले आहात. संघाचं नेमकं कशामुळे बिघडलं?” शिकलेले! त्या एका शब्दाने मी खुर्चीत ताठ झालो. म्हणालो, “कोपरा ढासळला, साहेब.” वाक्य मला आवडलंसुद्धा होतं.

मी पर्मनंट झालो. रघुनाथला पुन्हा बोलावलं नाही. तो सावित्री नदीवर रेती काढायच्या कामाला गेला. त्याचा राग होता म्हणून केलं? नोकरीसाठी? बाप बघत होता म्हणून? माझी मीच उलटतपासणी घेतो आणि मलाच शिव्या देतो. उत्तर काहीही येवो, हात त्याचा वर गेला.

पुढे काही वर्षांनी महाडच्या स्टँडवर भेटला. बरोबर त्याचा पुतण्या होता. रघुनाथने माझा हात पकडला, तसाच, साखळीतल्यासारखा बोटांत बोटं अडकवून. पुतण्याला म्हणाला, “हा आमचा बी.कॉम. चिडायचा लय, पण ह्यानं लागला म्हटलं की मी खाली बघत नव्हतो.”

माझा हात त्याच्या हातात होता. वर करायचा, एवढंच होतं.

नाही केला.