तेल अकरा, ओल चौदा

बद्रुद्दीन एकोणतीस वर्षं अकोल्याच्या एमआयडीसीत बसून जहाजांचे कागद करत होता. बारदान, पेंडीचा वास आणि छपराखालची ती कडक उन्हाळी भगभग, यांच्यात त्याचं टेबल होतं. तिथून तो सरकीच्या पेंडीला व्हिएतनामला धाडायचा. म्हणजे पेंड ट्रकनं मुंबईच्या बंदरावर जायची आणि तिथून जहाजावर चढायची. पण ती चढायची ती बद्रुद्दीनच्या कागदांवर.

मूळचा तो बार्शीटाकळीचा. बी.कॉम. होऊन टायपिस्ट म्हणून इथं लागला तेव्हा कंपनी डोमाजींची होती. डोमाजींना परदेशी गिऱ्हाईक मिळालं आणि कागद कोणाला येईनात. मग त्यांनी बद्रुद्दीनला चार दिवस मुंबईच्या एजंटाकडे पाठवलं. चार दिवसांत तो जे शिकून आला त्यावर कंपनीचा पुढचा सगळा धंदा उभा राहिला. इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, कस्टमचं शिपिंग बिल, माल कुठल्या देशाचा त्याचा दाखला, मालात कीड नाही त्याचा दाखला, आणि सगळ्यांत शेवटी बिल ऑफ लेडिंग, म्हणजे माल जहाजावर चढला याची जहाज कंपनीनं दिलेली पावती. ती ज्याच्या हातात, माल त्याचा. या सगळ्या कागदांत गिऱ्हाइकाच्या नावातलं एक अक्षर जरी इकडचं तिकडं झालं तरी तिकडची बँक गठ्ठा परत फिरवते. बद्रुद्दीनचा गठ्ठा एकोणतीस वर्षांत एकदाही परत फिरला नव्हता.

त्याचा त्याला गर्व होता, आणि तो लपवायची त्याला गरज वाटत नसे. लग्नाची पत्रिका हातात आली तरी आधी तो तिच्यातल्या चुका काढायचा आणि मग मुबारकबाद द्यायचा. डोमाजी थकले आणि त्यांचा मुलगा गजेंद्र खुर्चीवर आला, तेव्हा बद्रुद्दीननंच त्याला सांगितलं होतं, "गजूभाऊ, तुमी सह्याच्या भानगडीत पडू नका. मी आहो न." तेव्हापासून कंपनीच्या प्रत्येक कागदावर अधिकृत सही एकच होती, आणि ती बद्रुद्दीनची.

कंपनीच्या मागच्या बाजूला एक दहा बाय बाराची लॅब होती. तिथं देवमन बसायचा. तोही बार्शीटाकळीचाच. बी.एस्सी. होऊन दोन वर्षं रिकामा फिरत होता, तेव्हा बद्रुद्दीननंच त्याला इथं लावलं होतं. दोघं रोज एकाच गाडीवर येत, एकाच टेबलावर डबा खात. बद्रुद्दीनच्या बायकोच्या, रजियाबीच्या हातचा खिमा देवमनला आवडायचा, म्हणून डब्यात ती मुद्दाम जास्तीचा घालायची. देवमनचं काम पेंडीत तेल किती, ओल किती ते काढायचं. ते आकडे बद्रुद्दीनच्या कागदांत जायचे, कारण सरकीच्या पेंडीची एक खोड आहे. तेल आणि ओल ठरल्या हद्दीच्या वर गेली आणि ती जहाजावरच्या बंद लोखंडी डब्यात पडून राहिली, की ती आतल्या आत तापत जाते. बाहेरून काडी लावावी लागत नाही. म्हणून अशा पेंडीला जहाजवाले धोक्याचा माल म्हणतात, तिला वेगळी जागा देतात, वेगळे कागद मागतात, आणि बरेचदा घेतच नाहीत.

त्या वर्षी मार्चमध्ये अवकाळी पाऊस झाला. अंगणातली अर्धी थप्पी ताडपत्रीखाली होती, अर्धी नव्हती. त्यातच तेल काढायचं यंत्र जुनं झालेलं, पेंडीत तेल सोडून देत होतं. देवमननं नमुने काढले आणि रिपोर्ट घेऊन थेट बद्रुद्दीनच्या टेबलाशी आला.

"भाऊ, हे पाहा. तेल अकरा, ओल चौदा. दोनदा काढलं मी. हे असं नाही धाडता येत."

बद्रुद्दीन रिपोर्ट घेऊन केबिनमध्ये गेला. गजेंद्रनं कागदाकडं पाहिलंही नाही.

"चाचा, जहाज बुधवारी आहे. डबे बुक आहेत. मागच्या महिन्याचा रिपोर्ट काय होता?"

"तेल सहा, ओल आठ."

"मंग तोच टाका न. पेंड तर तीच आहे, सरकीचीच आहे."

"भिजलेली आहे, गजूभाऊ."

"मुंबईले जाऊन वाळते ते. कावून टेन्शन घेऊन राह्यले? आणि तो रिपोर्ट फाडून टाका."

बद्रुद्दीन बाहेर आला. त्याला कोणी धमकावलं नव्हतं, लालूच दाखवली नव्हती. पुढे त्यानं स्वतःलाच पुष्कळदा विचारलं की तेव्हा आपण हो का म्हटलं, आणि सांगण्याजोगं उत्तर त्याला कधी सापडलं नाही. वजनाचे आकडे गोल करणं, एखादी तारीख दोन दिवस मागं घेणं, हे त्यानं आधीही केलं होतं. कागद बरोबर जुळले की काम झालं, ही सवय अंगात मुरली होती. जहाज त्यानं कधी जवळून पाहिलंही नव्हतं. त्यावर माणसं असतात, ती जेवतात, झोपतात, हे त्याच्या कुठल्याच रकान्यात येत नव्हतं.

पण नव्या तारखेचा रिपोर्ट लॅबच्या सहीशिवाय चालणार नव्हता. बद्रुद्दीननं तो टाइप केला आणि लॅबमध्ये नेला. देवमननं कागदावरचे आकडे वाचले.

"भाऊ, हे माह्या हातचं नाही."

"मले माहीत आहे."

"उद्या काही झालं तर?"

"काय होते? एकोणतीस वर्षं झाले, काय झालं? तू सही कर. मी आहो न."

देवमननं सही केली. ती गजेंद्रच्या सांगण्यावरून केली नव्हती. त्या तीन शब्दांवर केली होती. बद्रुद्दीननं खाली आपली सही केली, माल धोक्याचा नाही असं जाहीर केलं आणि कागद मुंबईला पाठवले. खरा रिपोर्ट मात्र त्यानं फाडला नाही. त्यात काही चांगुलपणा नव्हता. कागद फाडणं त्याच्या हाताला ठाऊकच नव्हतं. त्यानं तो फाइलमध्ये जागच्या जागी लावला आणि फाइल कपाटात ठेवली.

सतरा दिवसांनी जहाज कंपनीचं पत्र आलं. भर समुद्रात डब्यांतून धूर निघाला होता. तो कुठून येतोय ते बघायला दोन खलाशी खालच्या कप्प्यात उतरले. एकाला ओढून वर काढता आलं. दुसरा, फिलिपिन्सचा, वय चोवीस, आतच गुदमरून गेला. पत्रात त्याचं नाव दोनदा होतं, एका ठिकाणी जोमार, दुसऱ्या ठिकाणी जोमेर. ती चूक बद्रुद्दीनच्या डोळ्यांनी आधी टिपली. त्याचा हात पेनकडं गेला, आणि मग त्याला कळलं की आपण काय वाचतोय. त्या दिवशी तो जेवला नाही. रजियाबीनं विचारलं, "क्या हुआ जी?" तर म्हणाला, "ऊन लगा."

मग मुंबईहून तपास करणारे आले, विमावाले आले, शेवटी पोलीस आले. गजेंद्रनं एक वकील लावला आणि वकिलानं एक सोपी गोष्ट तयार केली. लॅबच्या माणसानं नमुने न काढताच आकडे लिहिले, कंपनीनं त्याच्यावर विश्वास ठेवला. देवमनला गाडीत बसवून नेलं. त्यानं तिथं एकच सांगितलं, "मी आधी खरा रिपोर्ट दिला होता. बद्रूभाऊले विचारा. ते खोटं नाही बोलणार."

त्यांनी विचारलं. केबिनमध्ये गजेंद्र होता, वकील होता, पंखा फिरत होता. अधिकाऱ्यानं सरळ विचारलं, "देवमननं तुम्हाला याआधी दुसरा रिपोर्ट दिला होता का?"

बद्रुद्दीन म्हणाला, "मले आठवत नाही."

कपाट त्याच्या पाठीमागं, केबिनच्या भिंतीपलीकडं, चार हातांवर होतं.

देवमन अकरा दिवस आत राहिला. मग जामीन झाला, नोकरी गेली, खटला सुरू झाला. बद्रुद्दीन एकटा गाडीवर येऊ लागला. बार्शीटाकळीत शिरताना तो देवमनची गल्ली टाळून लांबच्या रस्त्यानं जायचा. रजियाबी सवयीनं डबा जास्तीचा भरायची. तो तसाच घरी परत यायचा. तिनं एकदा विचारलं आणि पुन्हा विचारलं नाही. असे आठ महिने गेले. माणूस आठ महिने असाही राहू शकतो. उठतो, नमाज पढतो, कामाला जातो, आणि कोणाला काही दिसत नाही.

दिवाळीनंतर गजेंद्रनं त्याला बोलावलं. या वेळी बसायला खुर्ची दिली.

"चाचा, वकील म्हणून राह्यले का केस अजून पक्की पायजे. देवमनले आपण आधी तीन वेळा लेखी समज दिली होती, असे तीन कागद पायजेत. मागच्या दोन वर्षांच्या तारखा टाका. तुमच्यासारखं कोणाले जमत नाही."

बद्रुद्दीन टेबलावर येऊन बसला. त्यानं पहिला कागद केला. जावक क्रमांक जुन्या रजिस्टरात रिकाम्या राहिलेल्या ओळीतून काढला, तारीख रविवारची येत नाही ना ते पाहिलं, त्या वर्षीचं जुनं लेटरहेड शोधून काढलं. दुसरा कागद केला. दोन्ही शेजारी ठेवून पाहिले. इतके अस्सल दिसत होते की क्षणभर त्यालाच वाटलं, दिली असेल समज. देवमन होताच तसा निष्काळजी. आणि मग त्याला आपलीच भीती वाटली. जोमार गेला तेव्हा वाटली नव्हती, देवमन आत गेला तेव्हा वाटली नव्हती, ती त्या दोन सुबक कागदांकडं बघून वाटली.

तिसरा कागद त्यानं केला नाही. कपाट उघडलं, फाइल काढली, त्यातला देवमनच्या हातचा रिपोर्ट घेतला, ते दोन नवे कागदही घेतले, आणि भर दुपारी गाडी काढून पोलिसांकडं गेला.

तपास अधिकाऱ्यानं रिपोर्ट उलटून पालटून पाहिला.

"हा आठ महिने कुठं होता?"

"माह्या कपाटात."

"तेव्हा तर तुम्हाला आठवत नव्हतं."

"आठवत होतं, साहेब."

"हा रिपोर्ट बाजूला ठेवून खोटे आकडे लिहायला कोणी सांगितलं?"

"गजेंद्रभाऊनं. आणि हे दोन कागदही त्यांनीच करायला लावले. मी केले."

"त्यांची सही कशावर आहे?"

गजेंद्रची सही कशावरच नव्हती. ती कशावरच असू नये अशी व्यवस्था त्यानं स्वतः, मोठ्या प्रेमानं, करून ठेवली होती. सांगणं तोंडी होतं, केबिनमधलं होतं. कागद बद्रुद्दीनचे होते, अक्षर न् अक्षर.

पुढचं सगळं त्या कागदांच्याच हिशेबानं झालं. देवमनचं नाव गुन्ह्यातून निघालं. बद्रुद्दीनचं लागलं. वकिलानं आपली गोष्ट बदलली आणि ती पहिलीपेक्षा जास्त पटणारी होती: जुन्या, विश्वासू माणसानं खरा रिपोर्ट दडवला, लॅबवाल्याला फूस लावून सही घेतली, मालकाला अंधारात ठेवलं, आणि पकडले जाऊ म्हणून खोटी पत्रंही बनवली. त्यात एक मालक सोडला तर बाकी सगळं खरंच होतं. कंपनीच्या गेटवर पहारेकऱ्यानं त्याला आत सोडलं नाही. डोमाजी अंथरुणावर होते, त्यांना भेटायला गेला तर घरच्यांनी दारातूनच सांगितलं, "झोपले आहेत." बद्रुद्दीनलाही एकोणीस दिवस आत काढावे लागले.

जामिनावर घरी आला तेव्हा रजियाबी म्हणाली, "सच बोल दिए ना तुम? फिर तुमकोच कायकू पकडे?"

"देर से बोला," तो म्हणाला. एवढंच.

आठवड्यानं तो देवमनकडं गेला. देवमन आता गावातल्या दूध संकलन केंद्रावर बसत होता. सकाळची वेळ होती, कॅन घेऊन लोक रांगेत उभे होते. देवमन प्रत्येक कॅनमधून थोडं दूध काढायचा, यंत्राखाली धरायचा, फॅट वाचून चिठ्ठीवर लिहायचा. बद्रुद्दीन रांगेतच उभा राहिला, त्याच्या हातात कॅन नव्हता. त्याचा नंबर आला तेव्हा देवमननं वर पाहिलं. तो बारीक झाला होता. कानाजवळ केस पांढरे झाले होते.

"या भाऊ," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता, आणि बद्रुद्दीनला तेच सोसेना.

"मी सांगितलं सगळं, देवमन. रिपोर्ट दिला तुह्या हातचा."

"हाव. समजलं मले. अपेक्षानं वाचून दाखवलं पेपरातलं." अपेक्षा म्हणजे त्याची बायको.

"मले माफ कर म्हणायले तोंड नाही माह्याजवळ."

देवमननं हातातली काचेची नळी पुसली.

"एकच सांगा, भाऊ. त्या दिवशी केबिनमधी त्यांनी विचारलं तवा तुमाले आठवत होतं न?"

"हाव."

"मी आत होतो तवा?"

"हाव."

"मायले फिट आली, दवाखान्यात नेलं, तवाबी?"

ते बद्रुद्दीनला ठाऊक नव्हतं. पार्वताबाईंना फिट आल्याचं त्याला कोणी सांगितलं नव्हतं, कारण त्या गल्लीतून तो जातच नव्हता. तरी तो म्हणाला, "हाव."

देवमननं मान हलवली. बराच वेळ वाट पाहून एखादा आकडा हाती यावा आणि तो आपल्या अंदाजाएवढाच निघावा, तशी.

"आत अकरा दिवस मी सगळ्याइले सांगत होतो, बद्रूभाऊ येतीन आन् सांगतीन. रोज सांगत होतो. शेवटी शेवटी लोक हासत." त्यानं नळी उजेडात धरून पाहिली. "तुमी फसवलं त्याचं मले काही नाही, भाऊ. सही मी केली होती, माह्या हातानं केली. तो पोरगा मेला त्यात मी बी आहो. पण ते हासत होते न, ते नाही जात डोक्यातून."

बद्रुद्दीन एक पाऊल पुढं आला.

"सरका जरा, भाऊ," देवमन म्हणाला. "दूध नासते."

मागच्या म्हाताऱ्यानं कॅन पुढं सरकवला. बद्रुद्दीन बाजूला झाला. देवमननं नळी दुधात बुडवली, यंत्रात घातली आणि आकडा उमटायची वाट पाहू लागला.