मधली दोन चाकं

आमचा मामा मिठाच्या गोदामात फिटर होता. हात सोन्याचे, जीभ कात्रीसारखी. पण ‘माझं चुकलं’ म्हणायची वेळ आली की दातखीळ बसायची.

त्याच्या ताब्यात मीठ उचलायचं एक यंत्र होतं, लोडर. तसला दुसरा त्यानं जन्मात पाहिला नाही. बनवणाऱ्यांनी मोजकेच काढले आणि पुढं तेही चार चाकांवर आले. हा सहा चाकांचा. एका कुशीला तीन, दुसऱ्या कुशीला तीन, आणि प्रत्येक कुशीची तिन्ही चाकं आतून चेननं जोडलेली. स्टिअरिंग नाहीच. दोन हातांत दोन दांडे. एक पुढं रेटला, दुसरा मागं ओढला की गाडी उभ्या जागी गर्रकन फिरायची. खांबांच्या गर्दीतून मीठ उचलायला असलंच जनावर लागतं.

चालवायचे तात्या. मामापेक्षा दहा वर्षांनी मोठे. बोलणं कमी, पण एक हट्ट पक्का. नवे टायर आले की म्हणायचे, “फिटर, नवे मध्ये घाल. झिजलेले कडेला.”

“तात्या, टायर आहेत का जेवायची पंगत? कुणाला कुठं बसवायचं तेही तुम्हीच ठरवणार?” मामा म्हणायचा. पण घालायचा.

एकदा मालकांनी एकदम सहा टायर आणले. तात्या चार दिवस लेकीकडं गेलेले. मामानं सहाही कोरे चढवले आणि गाडी पुसून अशी उभी केली, जणू नवरीच.

तात्या आले, बघितलं आणि कपाळाला हात लावला. “अरे, मधली दोन उंच हवीत. सहाही सारखी टेकली तर ही वळायची कशी?”

“नवीन टायरनं गाडी बिघडते, हे आज कळलं बुवा!” मामा म्हणाला. हमाल खो खो हसले. बाहेर ट्रक खोळंबलेला, मालक ओरडत होते. तात्या चढले.

पहिल्याच वळणाला गाडी बेडकासारखी उड्या मारायला लागली. काडकन चेन तुटली, एका बाजूची चाकं मोकळी झाली आणि लोडर जाऊन खांबावर आदळला. माणूस वाचला. खांब मात्र तडकला.

मालकांनी विचारलं, “फिटर, गाडीत दोष आहे?”

“गाडी ठणठणीत आहे, मालक,” मामा म्हणाला. आणि तेव्हा त्याला खरंच तसं वाटत होतं.

दुपारी चेन जोडून तो स्वतः बसला. गाडीनं त्यालाही आपटलं. मग त्यानं एका कुशीच्या तिन्ही चाकांखालून दोरी ताणली. तिन्ही एका रेषेत. जुने टायर शेजारी ठेवून मापले, तेव्हा बोटभर फरक निघाला. मधली दोन बोटभर उंच असली की गाडी त्यांच्यावर तोलायची, कडेची चाकं जेमतेम टेकायची, म्हणून ती भिंगरीसारखी फिरायची. तात्या वीस वर्षं हेच सांगत होते.

तेव्हाच उठून मालकांकडं जायला हवं होतं. मामा उठला, पण त्यानं कडेला चार जुने टायर चढवले आणि “नवे चार जपून ठेवतो” असं सांगितलं. मालक खूश. दुसऱ्या दिवशी तात्यांच्या जागी बसवलेल्या नव्या ड्रायव्हरनं गाडी झकास फिरवली.

“बघा, म्हाताऱ्याची नजरच गेलीय,” हमाल म्हणाले.

तात्यांना फाटकावर बसवलं. आडवा बांबू वर करायचा, खाली करायचा.

अकरा वर्षं मामा त्या बांबूखालून सायकल काढत होता. तात्या म्हणायचे, “या फिटर.” मामा चेन उतरल्यासारखं करून खाली बघायचा. घरी मामी विचारायची, “तात्यांना एकदा जेवायला बोलवा की.” हा ताटावरून उठायचा.

पुढं गोदाम मालकांच्या लेकीकडं, ताईंकडं आलं. जुन्या यंत्रांच्या प्रदर्शनात लोडर पाठवायचं ठरलं. तिथं तो लोकांसमोर जागच्या जागी फिरवून दाखवायचा होता. ट्रक फाटकाबाहेर लागला. ताई चाकांकडं बघून म्हणाल्या, “फिटरकाका, हे झिजलेले कसले? चार नवे आहेत ना ठेवलेले? सगळे कोरे दिसू देत.”

मामानं हातातला पाना खाली ठेवला. फाटक दहा पावलांवर होतं.

“सगळे नवे घालून चालत नाही, ताई.”

“का?”

“वळत नाही ती. चेन तुटते.” मामानं फाटकाकडं बोट केलं. “एकदा मी घातले होते. खांबावर गेली ती तात्यांच्या हातानं, पण चूक माझी. त्याच दुपारी मला कळलं होतं.”

हमाल या खेपेला हसले नाहीत. ताई फाटकाकडं बघत राहिल्या.

तात्या सावकाश चालत आले. मधल्या टायरवरून हात फिरवला. मामा म्हणाला, “तात्या, मी...”

“माहीत होतं रे. दुसऱ्याच दिवशी कडेचे टायर बघितले होते मी.”

“मग बोलला का नाहीत?”

“मी बोललोच होतो. हसला होतास तू.” त्यांनी हात पुढं केला. “चढव मला. गुडघे गेलेत.”

मामानं त्यांना उचलून आसनावर बसवलं. दोन्ही दांडे हातात आले तशी म्हाताऱ्याची पाठ सरळ झाली. गाडी उभ्या जागी एकदा गर्रकन फिरली आणि फाटकाशी येऊन थांबली. बांबू खालीच होता.

“फिटर,” तात्या म्हणाले, “उघड.”

मामा धावला. बांबू वर धरून उभा राहिला. लोडर खालून गेला. तात्यांनी त्याच्याकडं पाहिलं नाही. गाडी ट्रकवर चढली तरी बांबू खाली करायचं मामाच्या ध्यानात नव्हतं.