घसरणारा डबा

आमच्या प्रयोगशाळेतला हा तंत्रज्ञ मोहाडीचा. चहाला बसला तरी फाईलवर चष्म्याचं घर ठेवतो आणि ते घसरेपर्यंत फाईल तिरपी करत राहतो. घरी वरणाचं ताटही असंच धरत असणार, असं मी त्याला चिडवतो.

एका गावाच्या वरच्या टेकाडाच्या उतारावर कचरा डेपो व्हायचा होता. तळाशी अंथरायचं प्लास्टिक किती जोर लावल्यावर मातीवरून सरकतं, हे यानं तपासलं. कोरड्या मातीवर ते पास झालं, ओल्या मातीवर नापास. ठेकेदार पेढ्यांचा डबा घेऊन आला.

"कोरड्याचाच आकडा लिवा ना, भाऊ."

यानं तेच प्लास्टिक फळीवर पसरून ओलं केलं, वर डबा ठेवला आणि फळी सावकाश उचलली. डबा घसरत समोर बसलेल्या ठेकेदाराच्या मांडीवर गेला.

"पेढे तं तुमच्याकडेच आले," हा शांतपणे म्हणाला. "कचरा खालच्या गावात जाईन."