तिमाही निकालाखालची बारीक अक्षरं

आमच्या कंपनीत एचआरवाले नव्या लोकांना सांगतात, "अकाउंट्सवाल्यांच्या टेबलावर जेवायला बसू नका, ते एकाच विषयावर बोलतात." खरं आहे, बोलतो आम्ही एकाच विषयावर! पण त्या एका विषयात इतकं काही घडतं की डबा संपतो आणि गोष्ट अर्धीच राहते. एक सांगायला घेतली की तिला चिकटून दुसरी येते.

नवी मुंबईत महापेला आमचं ऑफिस. सॉफ्टवेअर कंपनी, शेअर बाजारात नोंदलेली, त्यामुळे दर तीन महिन्यांनी निकाल जाहीर करायचे. आकडे सगळे बघतात. आकड्यांच्या खाली मुंगीएवढ्या अक्षरांत आमची लेखा धोरणं छापलेली असतात. म्हणजे कमाई कधी धरायची, खर्च कधी धरायचा, कशाला मालमत्ता म्हणायचं. ती कोणी वाचत नाही. पण त्यातल्या एकेका ओळीवरून आमच्या मजल्यावर आवाज चढलेत, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. बऱ्याचदा त्यातला एक आवाज माझाच होता!

*

सेल्सचे हेड भल्ला. उंच, देखणे, आवाज असा की लिफ्टमध्ये बोलले तर कँटीनमध्ये ऐकू यावं. एकदा तिमाही सुरू होताच त्यांनी एका बँकेचं वर्षभराचं सपोर्टचं काम आणलं आणि बँकेनं वर्षाचे पैसे आगाऊ भरून टाकले. भल्ला पेढ्यांचा बॉक्स घेऊन थेट आमच्या मजल्यावर!

"म्हात्रेजी, पूरा पैसा आ गया! इसी क्वार्टर में दिखा दो."

म्हात्रे म्हणजे आमच्यातले सगळ्यात जुने. घणसोली गावातले, घरची शेती होती तिथं आता त्यांच्याच नात्यातल्यांच्या बिल्डिंगी उभ्या आहेत. सीए नाहीत, बीकॉम. पण नव्या सीएंना घाम फोडतात.

म्हात्रे म्हणाले, "काम वर्षभर करायचं हाय ना? मग कमाई पन वर्षभर, थोरी थोरी."

"अरे पण पैसा बँकेत आहे!"

म्हात्र्यांनी एक पेढा उचलला. पट्टीच्या कडेनं त्याचे नीट चार भाग केले. एक भाग तोंडात टाकला आणि तीन भाग परत बॉक्समध्ये ठेवून झाकण लावलं.

"या तिमाहीचा एवराच. बाकीचा ठेवा, येतो मी दर तीन महिन्यांनी!"

*

फायनान्सचे प्रमुख नाडकर्णी सर. माणूस सरळ, पण मोह कोणाला सुटलाय? एका तिमाहीत नफा अपेक्षेपेक्षा बराच जास्त आला. सरांना पुढच्या तिमाहीची काळजी. ते मला म्हणाले, "शिंदे, ऑफिसचं रंगकाम पुढच्या महिन्यात आहे. कोटेशन आलंय, ठरलंच आहे सगळं. तो खर्च आत्ताच धरून टाकू. पुढची तिमाही हलकी जाईल."

मला नियम माहीत होता. जो खर्च अजून झालेलाच नाही, तो नुसता ठरलाय म्हणून धरता येत नाही. वर्षाच्या हिशोबाला लागतो तोच नियम तीन महिन्यांच्या हिशोबालाही लागतो. पण बॉसला सांगणार कोण? मी वही उघडून उगाच काहीतरी लिहीत बसले.

शेजारून म्हात्रे अगदी गरिबासारखे म्हणाले, "सर, नोंदीत लिवायला लागंल. रंग कंचा दिलाय?"

सरांनी भिंतीकडे पाहिलं. "पिवळट."

"त्यो तर जुनाच हाय!"

सर दोन मिनिटं हसत होते. नंतर त्यांनी कोटेशन माझ्या टेबलावरून उचललं आणि स्वतःच्या ड्रॉवरमध्ये टाकलं.

*

आमच्या सोसायटीतल्या कुलकर्णी काकूंनी मला एकदा विचारलं, "तू नक्की करतेस तरी काय गं दिवसभर?"

"मागच्या तीन महिन्यांत काय झालं, ते ठरवते."

"ते तर होऊन गेलं ना?"

"हो. पण अजून ठरलेलं नाही!"

काकूंनी नंतर माझ्या आईला हळूच विचारलं म्हणे, पोरीला फार टेन्शन आहे का?

*

नवं प्रॉडक्ट बनवताना एक भानगड असते. बनेल की नाही याची नुसती शोधाशोध चालू असते, तोवर इंजिनीअरांचा पगार खर्चात. प्रॉडक्ट बनणार आणि विकलं जाणार हे एकदा पक्कं झालं की त्यापुढचा पगार प्रॉडक्टच्या किमतीत, म्हणजे मालमत्तेत. त्यामुळे कोणी किती तास काय केलं, याची टाइमशीट आम्हाला देवासारखी!

कौस्तुभ नावाचा आमचा फार हुशार इंजिनीअर. त्याच्या टाइमशीटमध्ये एका आख्ख्या आठवड्यासमोर एकच शब्द होता, 'विचार'.

ऑडिटर शहा साहेबांनी तिथंच बोट ठेवलं. "हा विचार मालमत्ता कसा?"

मी छाती पुढे काढून भांडले. प्रॉडक्ट पक्कं झालं होतं, डिझाइन चालू होतं, डिझाइनला विचार लागतोच, सॉफ्टवेअर काय विटांनी बांधतात का? शहा साहेब जवळजवळ पटले होते. म्हणाले, "एकदा त्यालाच बोलवा."

कौस्तुभ आला. शहा साहेबांनी प्रेमानं विचारलं, "बेटा, त्या आठवड्यात कसला विचार केला?"

कौस्तुभनं माझ्याकडे पाहिलं, मग शेजारी बसलेल्या नाडकर्णी सरांकडे. पोरगा खोटं बोलायला शिकलेलाच नव्हता.

"ही नोकरी सोडावी का, याचा."

शहा साहेबांनी पेनाचं टोपण काढलं. "खर्चात टाका. आणि नाडकर्णी, याचा पगार वाढवा!"

दोन्ही गोष्टी झाल्या. कौस्तुभ अजून आमच्याकडेच आहे.

*

आमच्या निकालाची जाहिरात इंग्रजी पेपरात येते, तशी मराठी पेपरातही येते. भाषांतर बाहेरून करून घेतात. आम्ही पूर्वी एक छोटी कंपनी विकत घेतली होती. तिच्या नावलौकिकाचे म्हणून जे जास्तीचे पैसे मोजले, त्याला इंग्रजीत गुडविल म्हणतात. ती कंपनी नीट चालेना, म्हणून त्या तिमाहीत गुडविलची किंमत कमी करावी लागली.

छापायला जायच्या आधी मराठी प्रूफ म्हात्र्यांनी वाचायला घेतलं. वाचता वाचता त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"मॅडम, ह्ये बघा काय लिवलंय. 'या तिमाहीत कंपनीची सदिच्छा दुर्बल झाली असून उर्वरित सदिच्छेचा पुढील वर्षी फेरविचार करण्यात येईल.'"

मी धावत फोनकडे गेले. म्हात्रे मागून शांतपणे म्हणाले, "तसं चूक काय नाय. यंदाचा बोनस बघितलाव ना?"

*

आता हा शेवटचा किस्सा.

भल्लांनी गोदामं चालवणाऱ्या एका मोठ्या कंपनीला सॉफ्टवेअर विकलं. तिमाही संपायच्या आठवड्यात ते बसवूनही झालं. रक्कम एवढी की ती धरली तर निकाल झकास, नाही तर अगदीच फिका. पण करारात एक कलम होतं. गिऱ्हाईक दोन महिने वापरून बघणार, पटलं तर लेखी कळवणार, नाही पटलं तर परत करणार.

मी टिपण लिहिलं, ही कमाई आत्ता धरता येणार नाही.

एमडी साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. आवाज चढवला नाही, तेच जास्त भीतीदायक होतं. "मॅडम, सॉफ्टवेअर त्यांच्या मशीनवर चालू आहे. आपले लोक तिथं जाऊन बसवून आलेत. आणखी काय पाहिजे तुम्हाला? तुम्ही आपल्या टीममध्ये आहात ना?"

"आहे सर. म्हणूनच लिहिलंय."

बाहेर आले. कोपरखैरण्याच्या फ्लॅटचा हप्ता, मुलीची शाळा, सगळं डोळ्यांसमोर. नाडकर्णी सर म्हणाले, "शिंदे, मी शंभर टक्के तुझ्या बाजूनं आहे. फक्त मीटिंगमध्ये तूच बोल!"

मीटिंग ऑडिट कमिटीची, म्हणजे निकाल तपासून मंजूर करणाऱ्या संचालकांची. अध्यक्ष देशमुख बाई, बँकेतून रिटायर झालेल्या, कमी बोलणाऱ्या. भल्लांनी पंचवीस स्लाइड दाखवल्या. माझी पाळी आली तेव्हा बाईंनी घड्याळ पाहिलं. "मला कलमं नकोत. साध्या भाषेत सांगा."

मी पाठ करून आलेलं सगळं विसरले. तोंडातून निघालं ते असं: "मॅडम, माझे वडील वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात माथाडी होते. गोणी गाळ्यावर उतरवली म्हणजे माल विकला, असं तिथं कोणी धरत नाही. घेणारा गोणी फोडतो, आत हात घालतो, कांदा बघतो, मग सौदा. आपण गोणी उतरवलीय. त्यांनी अजून हात घातलेला नाही."

देशमुख बाईंनी समोरच्या कागदावरची रक्कम आडव्या रेघेनं खोडली. "आणि हे टिपेत स्पष्ट लिहा. दर तिमाहीला छापलं गेलं पाहिजे."

निकाल फिका लागला. शेअर पडला. एमडी साहेब पंधरा दिवस लिफ्टमध्ये माझ्याशी बोलले नाहीत.

तिकडं गिऱ्हाइकानं वापरून पाहिलं आणि तीन मोठे दोष काढले. आमच्या लोकांनी ते जीव तोडून दुरुस्त केले. मग लेखी मान्यता आली, आणि त्या पत्रातच उरलेल्या सगळ्या गोदामांची ऑर्डर! कंपनीच्या आजवरच्या सगळ्यात चांगल्या तिमाहीचा निकाल आम्ही जाहीर केला. एमडी साहेब स्वतः आमच्या मजल्यावर आले, सगळ्यांसमोर माझ्याशी हात मिळवला आणि म्हणाले, "मॅडम, मागच्या वेळी ही रक्कम धरली असती, तर ते तीन दोष निघाले तेव्हाच मी खुलासे देत बसलो असतो." म्हात्र्यांनी जी शिट्टी मारली, ती घणसोलीपर्यंत गेली असेल!

दुसऱ्या दिवशी मराठी पेपर बाबांपुढे ठेवला. आकडे त्यांनी सोडून दिले. खालची टीप बोटानं एकेक शब्द पुढे सरकवत वाचली: 'ग्राहकाने तपासणी करून लेखी मान्यता दिल्यानंतरच विक्रीची रक्कम उत्पन्नात धरली जाते.'

"ह्ये तू लिवलंस?"

"हो. त्यासाठी नोकरी जायची वेळ आली होती."

बाबांनी पेपराची घडी घातली, सदऱ्याच्या खिशात ठेवली आणि जुन्या सोबत्यांना दाखवायला मार्केटात गेले. दुपारी परत आले. मी दारातच विचारलं, "वाचलं का सगळ्यांनी? काय म्हणाले?"

बाबा चपला काढता काढता म्हणाले, "वाचलं की. म्हनले, ह्यात नवीन काय हाय?"