संत्र्याच्या वासाचं पाणी
लेक नर्सिंगच्या शिबिराला परदेशी निघाली, तिची बॅग भरताना ओआरएसची पुडी फुटली आणि त्या संत्र्याच्या वासानं मला मी नर्स असतानाच्या नेपाळमधल्या शिबिरातला दवाखाना आठवला. जुलाबानं सुकलेल्या बाळाला सलाईनसाठी शीर सापडेना, मोठ्या दवाखान्यात न्यायला गाडी येईना. माझ्यासोबतची नर्स, खानदेशातल्या सोनगीरची मैत्रीण त्याला चमच्यानं हे पाणी पाजत होती आणि मी दारापर्यंत येरझाऱ्या घालत होते. "एक जागे बस ना वं, तुले देखीसन तेनी माय घाबरस!" ती खेकसली. मी बसले, बाळाला मांडीवर घेतलं, पण नजर रस्त्यावरच. बऱ्याच वेळानं माझा युनिफॉर्म ओला झाला. "पोऱ्या मुतना वं!" मैत्रीण ओरडली. सुकलेल्या बाळाला लघवी झाली, म्हणजे पाणी अंगी लागलं होतं. मांडी भिजली तरी मी हलले नाही. आज लेकीची गाडी सुटेपर्यंत मला बसवणार नाही, पण तिच्या बॅगेत मी एक जादा युनिफॉर्म टाकलाय.