बेटावर निघालेलं जोडपं आणि मी फोडलेली ट्यूब

हे प्रकरण विसरून जावं अशी माझी फार इच्छा होती, पण आमच्या मंडळींनी ते विसरू दिलं नाही. पाहुणे आले, चहा झाला, की स्वयंपाकघरातून आवाज येतोच, "अहो, ती ट्यूबची केस सांगा ना!" तेव्हा आता स्वतःच लिहून मोकळा होतो. नाव कोणाचंच घेत नाही. गाढवपणा कोणाचा होता ते कळेलच.

पन्नासच्या दशकातली गोष्ट. मी नवा फौजदार, नेमणूक चाकणच्या चौकीवर. आज तिथे कंपन्यांच्या बसगाड्यांतून रस्ता ओलांडता येत नाही, तेव्हा कांद्याच्या बैलगाड्या मोजत बसावं लागे. दारूबंदी कडक होती. डोंगराकडची गावठी दारू भोसरी-पिंपरीच्या बाजूला जायची, कारण तिकडे नवे कारखाने उभे राहत होते आणि कामगारांना तहान लागत होती. मोटारीच्या चाकातली रबरी ट्यूब घ्यायची, तीत दारू भरायची, तोंड बांधायचं आणि घोंगडीखाली अंगाला गुंडाळून चालू लागायचं, अशी पद्धत. शेजारच्या हद्दीतल्या फौजदाराने अशा बऱ्याच ट्यूबा पकडल्या होत्या. माझ्या नावावर एकही नव्हती. तो भेटला की मुद्दाम माझ्या सायकलच्या ट्यूबची चौकशी करायचा.

चौकातला हॉटेलवाला आमचा खबऱ्या. एका सकाळी तो धापा टाकत आला.

"सायब, खेडकडनं दोन सायकली येत्यात. एक बाप्या, एक बाई. बाई सायकलवर हाय, सायब! आन् पाठीला ही एवढी ट्यूब."

"भरलेली?"

"टम्म!"

बाई सायकलवर, इथेच मला निम्मा गुन्हा शाबीत झाल्यासारखा वाटला. आमच्या भागात तेव्हा बाईने सायकलवर बसणं कोणी पाहिलंच नव्हतं. मी टोपी नीट केली, जमादाराला घेतलं आणि रस्ता अडवला.

दोघं आली. तो चाळिशीचा, किडकिडीत. ती त्याच्याहून दणकट, नऊवारीचा काष्टा घट्ट मारलेला, पुरुषी सायकलवर ऐटीत. पाठीवर दोरीने बांधलेली मोटारीची काळी ट्यूब. दोघांना चौकीत आणलं. बाईमाणसाला हात लावायचा नाही, म्हणून ट्यूब तिनेच सोडून टेबलावर ठेवावी असं फर्मावलं. त्यामुळे ट्यूबचं वजन किती, हे माझ्या हाताला कळायचं राहून गेलं.

"कुठे निघालात?" मी त्याला विचारलं.

"घारापुरीला, साहेब. मुंबईजवळचं बेट. इथून तळेगाव, मग खंडाळ्याचा घाट, पनवेल, उरण आणि पुढे होडी."

"सायकलने?"

"होडीपर्यंत सायकलने."

"कशाला?"

"सुट्टीला."

जमादार खोकला. सुट्टीला माणसं सासुरवाडीला जातात, जत्रेला जातात. बायकोसकट सायकल मारत बेटावर निघालेला माणूस त्याने उभ्या नोकरीत पाहिला नव्हता.

"काम काय करता?"

"जुन्नरकडे दवाखान्यात कंपाउंडर आहे."

कंपाउंडर! म्हणजे स्पिरिट! मला आतून उकळ्या फुटायला लागल्या.

"ट्यूबमध्ये काय आहे?"

"हवा."

"सगळे हेच सांगतात," मी म्हणालो. खरं तर तोपर्यंत मला कोणीच काही सांगितलं नव्हतं, कारण मी कोणाला पकडलंच नव्हतं.

मी खिशातून चाकू काढला तशी बाई कळवळली. "फोडू नका, सायब! हात जोडते तुमाला. काय बी करा, पर फोडू नका!"

एवढी गयावया हवेसाठी कोण करतं? मी पंच बोलावले: हॉटेलवाला आणि कांद्याचा एक आडत्या. खाली पितळी घागर ठेवली. जमादार पंचनामा लिहायला बसला. "किती बाटल्या लिहू?" त्याने विचारलं. "लिहा भरपूर," मी म्हणालो आणि चाकू खुपसून ट्यूब वीतभर चिरली.

फुस्स! हवेचा झोत थेट माझ्या तोंडावर आला. पंचनामा उडून दाराबाहेर गेला. दोन्ही पंच घागरीत वाकून बघत राहिले.

"वास येतोय का?" मी क्षीणपणे विचारलं.

"येतोय, सायब," हॉटेलवाला म्हणाला. "रबराचा."

बाई मटकन खाली बसली. "झालं. फिरवा सायकली. घरला चला."

कंपाउंडर चिडला असता तर बरं झालं असतं. तो हळू आवाजात सांगू लागला. "लग्नापासून हिला समुद्र दाखवायचाय, साहेब. तिथे माझा एक जुना सोबती राहतो, तो कधीचा बोलावतोय. सायकल शिकली, घाट चढायची तयारी केली, पण होडीत बसणार नाही म्हणायची. पाण्याची फार भीती. शेवटी ट्यूबवर राजी झाली. घरून फुगवून स्वतःच्या पाठीवर न्यायची. समुद्रापर्यंत हवा टिकली, तरच ती कमरेला लावून होडीत बसायचं. इथवर तसूभर कमी झाली नव्हती हो."

मी जमादाराला म्हणालो, "गॅरेजमधून दुसरी आणा."

"नगं," बाई म्हणाली. "ती मी पारखल्याली व्हती. दुसरीचा काय भरवसा? तुमी बसलाय का कदी होडीत?"

"मी? नाही."

"समुद्र बघितलाय?"

"नाही."

"पवायला तरी येतं का?"

अंगात खाकी होती, दोन पंच समोर उभे होते, खोटं बोलायला हरकत नव्हती. पण हातात ती फाटकी ट्यूब लोंबत होती. त्या अवस्थेत माणसाला रुबाब आणता येत नाही. "नाही," मी म्हणालो. "इंद्रायणीत गुडघाभर पाण्यात उतरतो. त्यापुढे पाय लटपटतात."

"खाकी घालून बी?"

"खाकी घालूनही."

तिने पदर तोंडाला लावला. मग पदर सुटला आणि ती खदखदून हसायला लागली. "अवं, ऐकलं का? फौजदार भितोय! मंग माजं काय चुकलं? उठा, चला. होडीत बसून बघते, आन् येताना ह्या सायबास्नी सांगते कसं असतं ते."

चहा पाजून त्यांना तळेगावच्या रस्त्याला लावलं. पुढचे काही दिवस मी उगाचच नाक्यावर रेंगाळायचो. खंडाळ्याच्या घाटात ब्रेक लागले असतील ना? ऐन धक्क्यावर ती माघारी फिरली तर? कोणत्याही आरोपीची मी इतकी वाट पाहिली नव्हती.

एका दुपारी दोन्ही सायकली दिसल्या. बाई पुढे, उन्हाने रापलेली. कंपाउंडर मागे, मान खाली.

"बसलात होडीत?" मी धावतच विचारलं.

"बसले की! पर ह्यांनी निम्म्या वाटंत समदं पोट बाहेर काढलं. मी ह्यांचं डोस्कं धरून बसले व्हते."

"आणि भीती?"

"भ्यायला सवड कुटं मिळाली?"

कंपाउंडर कसानुसा हसला. "येतानाही तेच झालं, साहेब."

"बेट कसं आहे?"

तिने जरा विचार केला. "डोंगर हाय, आपल्यावानीच. लेणी हायती मोठी. पर तिथं आमच्याकडं कुनी वळून बी बघितलं न्हाई. त्येच लई आवडलं." एवढं म्हणून तिने माझ्याकडे असं पाहिलं, की मी जमादाराला चहा सांगायला निघून गेलो.

चौकशी म्हणजे प्रश्न आपण विचारायचे आणि घाम समोरच्याने पुसायचा, अशी माझी तोवर समजूत होती. त्या दिवशी प्रश्न तिने विचारले, कबुली मी दिली, आणि अडलेलं काम तेवढ्यानेच सुटलं. पुढे नोकरीभर मी एक सवय ठेवली. माझे प्रश्न संपले की समोरच्याला म्हणायचो, "आता तुम्ही विचारा." बहुतेक जण विचारायचे, "साहेब, चहा मिळेल का?" पण अधूनमधून एखादा म्हणायचा, "माझ्या घरी कळवलं का?" आणि मग माझ्या लक्षात यायचं, की चौकशीला आपण अजून सुरुवातच केलेली नाही.